निर्वासितांचे बिऱ्हाड आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरच्या वक्त्या बोलावण्याचा आपला प्रघात आहे. यंदा कार्यकारिणीने ठरविले की आपल्यातल्याच एकीने बोलावे, आणि चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषणाची सवय नाही. पण विषय मात्र मी मागून घेतला. गेले वर्षभर आपल्या शिवणवर्गात ज्या गोष्टीवरून वादावादी चालली आहे, तिचा निकाल आज मंडळाने लावावा अशी माझी इच्छा आहे. देश सोडून आलेल्या माणसांना आपण काय द्यावे, हा तो विषय. सांगणार आहे ती माहिती वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि माझ्या मुलीने वाचून दाखविलेल्या लेखांतून जमविली आहे. काही गोष्टी आमच्या आजेसासूबाईंच्या तोंडून ऐकलेल्या आहेत.

लग्नसराई आली की आपण सगळ्याजणी गांधीनगरला जातो. देण्याघेण्याच्या साड्या, टॉवेल, ब्लाऊजपीस तिथे घाऊक भावाने मिळतात. पण ज्या जमिनीवर ती दुकाने उभी आहेत, तिथे दोन वेगवेगळ्या देशांचे निर्वासित येऊन राहिले, ही गोष्ट आपल्या मुलींना फारशी ठाऊक नसते. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

दुसऱ्या महायुद्धात पोलंड देशाची फाळणी झाली. अर्धा मुलूख जर्मनीने घेतला, अर्धा रशियाने. १९४० आणि १९४१ साली रशियाने तिथल्या लाखो माणसांना घरांतून उठवून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकले. पुढे सुटका झाल्यावर ती माणसे इराणमार्गे बाहेर पडली, आणि त्यांतली सुमारे पाच हजार १९४३ सालापासून आपल्या कोल्हापूरजवळच्या वळीवडे येथील छावणीत येऊन राहिली. बहुतेक बाया आणि मुले. पुरुष सैन्यात गेलेले. छावणीत शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होते, नाटकगृहसुद्धा होते. ज्यांचे इथेच देहावसान झाले, त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत.

आमच्या आजेसासूबाईंचे माहेर त्या बाजूचे. लहानपणी त्या वडिलांबरोबर भाजी घेऊन छावणीत जात. त्या सांगत, गोऱ्या बाया आधी बोटांनी भाव करीत, पुढे पुढे "केवढ्याला?" आणि "लई महाग" एवढे मराठी शिकल्या. बाजारात त्यांना कोणी फसविले नाही, कारण फसवून घेण्याइतक्या त्या भोळ्या राहिल्याच नाहीत! आजेसासूबाईंना एक गोष्ट मात्र लक्षात राहिली होती. त्या बायांना महिन्याला तनखा मिळे, मुलांची शाळा चाले, उपाशी कोणी नव्हते. तरी त्यांतल्या किती तरी संध्याकाळी पायरीवर बसून रस्त्याकडे बघत राहायच्या. "हाताला काम नसलं की मन घरी पळतं," असे आजेसासूबाई म्हणत.

त्यांना घरी जाण्याची आशा होती, पण युद्ध संपता संपता त्यांची गावे रशियाच्या हद्दीत गेली. मग छावणी मोडली तेव्हा, १९४७-४८ साली, त्यांतल्या पुष्कळजणी इंग्लंडला गेल्या. त्यांचे नवरे आणि भाऊ इंग्रजांच्या बाजूने लढून तिथे थांबले होते. इंग्लंडच्या सरकारने या पोलिश शिपायांसाठी १९४६ साली एक पुनर्वसन दल काढले. दलात नाव घातले की दोन वर्षांची मुदत मिळे. तेवढ्यात इंग्रजी शिकायचे, एखादा हुन्नर शिकायचा आणि नोकरी धरायची. सुमारे एक लाखाच्या वर माणसे त्या दलात गेली. १९४७ साली तिथल्या पार्लमेंटने त्यासाठी खास कायदा केला आणि कुटुंबांच्या राहण्याची, मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था लावली. वळीवड्याच्या बायांचा पुढला संसार अशा रीतीने उभा राहिला. कोणी कापडगिरणीत गेली, कोणी शिवणकामात, कोणी दवाखान्यात.

तरी सारे सुखाचे झाले असे समजू नका. सैन्यात मोठे अधिकारी राहिलेले काहीजण लंडनच्या हॉटेलांत चांदीची भांडी घासून उजळीत होते. शिक्षण होते, पण त्या शिक्षणाला तिथे ओळख नव्हती. आणि खाणींतल्या इंग्रज कामगारांनी पुष्कळ ठिकाणी पोलिश माणसाला कामावर घ्यायलाच विरोध केला. त्यांची भीती अशी, की ही गरजू माणसे कमी पगारावर राबतील आणि आमची मजुरी खाली येईल. म्हणून निर्वासिताला तेवढ्याच कामाचा तेवढाच पगार मिळाला पाहिजे, ही अट तिथल्या संघटनांनी धरली. ही अट लक्षात ठेवा, मी तिच्याकडे पुन्हा येणार आहे.

पोलिश लोक गेले आणि त्याच बराकींत सिंधी बिऱ्हाडे आली. १९४७ साली देशाची फाळणी झाली. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळल्यावर सिंधमधल्या हिंदूंचे लोंढे बोटींनी मुंबई बंदरात उतरू लागले. कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत लाखभर माणसे गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथल्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. एका बराकीत अनेक कुटुंबे, मध्ये गोणपाटाचे पडदे, असा तिथला संसार होता. त्यांतलीच काही माणसे आपल्याकडे वळीवड्याला आली आणि त्या वस्तीचे गांधीनगर झाले.

सिंधी बायांनी घरात पापड लाटले, लोणची घातली. पुरुषांनी खांद्यावर कापडाचे गाठोडे घेतले आणि गावोगावचे बाजार धरले. इचलकरंजीचे माग जवळ होते, कापड मिळत होते. आजेसासूबाई सांगत, एक सिंधी बाई मिऱ्याचे पापड पाटीत घेऊन त्यांच्या गावात येई. पहिले काही दिवस कोणी घेईना. कोणत्या हातचे, कशात लाटलेले, कोण जाणे! तेव्हा आजेसासूबाईंच्या आईने तिला ओसरीवर बसविले, पापड भाजले, सगळ्यांच्या देखत स्वतः खाल्ले आणि शेजारणींना म्हणाली, "हिचा हात स्वच्छ आहे. मी खाल्लेत, तुम्हीही खा." त्या दिवसापासून तिची पाटी गावातून रिकामी होऊन जाऊ लागली. त्या माउलीने पदरचा एक पैसा जास्त दिला नाही. दिला तो आपला शब्द.

हे झाले आपल्या अंगणातले. देशात इतर ठिकाणी काय झाले तेही थोडक्यात सांगते.

पंजाबात कुरुक्षेत्राची छावणी फार मोठी होती. तिथे सुरेंद्रकुमार डे नावाच्या इंजिनिअरांनी पाहिले की रांगेत उभे राहून फुकटचे अन्न घेता घेता चांगली धट्टीकट्टी माणसे खचत चालली आहेत. म्हणून त्यांनी काही कुटुंबे बरोबर घेऊन निलोखेरी येथे दलदलीच्या जमिनीवर नवे गाव वसविले. आधी शाळा काढली ती हुन्नर शिकविण्याची. सुतारकाम, लोहारकाम, विणकाम शिकायचे आणि जे बनेल ते त्याच गावाच्या बांधणीला लावायचे. शिकणे आणि कमावणे एकाच वेळी. हेच डे पुढे केंद्र सरकारात मंत्री झाले.

दिल्लीजवळच्या फरीदाबादेत सरहद्द प्रांतातून आलेले सुमारे तीस हजार निर्वासित होते. त्यांतले पुष्कळ व्यापारी, पाटी-फावडे कधी न धरलेले. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी १९४८ साली काढलेल्या इंडियन कोऑपरेटिव्ह युनियनचे कार्यकर्ते तिथे गेले, सहकारी संस्था काढल्या, आणि त्या माणसांनी आपली घरे आपल्या हातांनी बांधली. हे फार मोठे काम झाले. पण तिथला दुसरा धडाही घेण्यासारखा आहे. घरे बांधून झाली तेव्हा बांधकाम संपले, आणि पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. शिकविलेल्या कामाला पुढची मागणी आहे की नाही, हे आधी बघावे लागते.

ती मागणी कशी आणावी, हे दिल्लीतल्या काही बायांनी दाखविले. निर्वासित स्त्रियांचे भरतकाम, विणकाम विकण्यासाठी त्यांनी 'रेफ्युजी हँडिक्राफ्ट्स' नावाचे दुकान काढले. बायकांच्या हातात कला होतीच, गिऱ्हाईक नव्हते, ते दुकानाने मिळवून दिले. सरकारनेही १९४८ साली निर्वासितांना धंद्यासाठी कर्ज देणारी संस्था स्थापन केली. युद्धावरून परतलेल्या शिपायांसाठी काढलेल्या नोकरी-कचेऱ्या आणि शिक्षणकेंद्रे निर्वासितांना खुली केली. आज आपली मुले आयटीआयला जातात, त्या शिक्षणाच्या मुळाशी अशीच केंद्रे आहेत.

आणि थंडीच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला स्वेटरांची दुकाने मांडून बसणारे तिबेटी तर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. १९५९ साली दलाई लामांबरोबर आणि त्यांच्या मागून ही माणसे भारतात आली. त्याच वर्षी दार्जिलिंगमध्ये त्यांनी स्वावलंबन केंद्र काढले आणि गालिचे विणायला सुरुवात केली. कर्नाटकात बैलकुप्पे आणि मुंडगोड येथे त्यांना शेतीला जमीन मिळाली. पण शेतीवर वर्षभराचे भागेना. तेव्हा लुधियानाहून घाऊक स्वेटर आणायचे आणि हिवाळ्यात गावोगाव विकायचे, हा धंदा त्यांनी शोधला. आज त्यांच्याशी भाव करताना आपल्याला ते परके वाटत नाहीत.

या सगळ्या हकिकती वाचताना माझ्या मनात आले, की वेळ वेगळी, देश वेगळा, पण बिऱ्हाड उभे राहिले ते त्याच चार गोष्टींवर. नव्या मुलखाची बोली शिकायला मिळाली. अंगात होता तो हुन्नर कोणी तरी ओळखला. पहिले गिऱ्हाईक कोणी तरी आणून दिले. आणि कामाचा दाम पुरा मिळाला. यांतली एक जरी राहिली, तरी बाकीच्या तीन लंगड्या पडतात.

आता आपल्या शिवणवर्गाकडे येते.

सव्वा वर्षापूर्वी आपल्या एका सभासद भगिनीने सिंधमधून आलेल्या एका बाईंना मंडळात आणले. त्यांचे नाव घेत नाही, त्या इथे बसल्या आहेत आणि त्यांना संकोच होईल. नवरा, दोन मुले, सासू असे कुटुंब. नात्यातल्या घरी एका खोलीत उतरलेले. आपण पहिल्या महिन्यात जे करतो तेच केले. पीठ दिले, डाळ दिली, जुन्या साड्या दिल्या, मुलांना दप्तरे दिली. त्यांनी हात जोडून घेतले. दुसऱ्या महिन्यात पुन्हा पिशवी नेली तेव्हा त्या बाई मला म्हणाल्या, "दीदी, हे किती दिवस घ्यायचं? मला शिवता येतं." हिंदीत म्हणाल्या, मी आपले मराठीत सांगते.

त्यांना येत होती ती रिल्ली. सिंधमध्ये घरोघरी बायका कापडाचे तुकडे कापून, एकावर एक बसवून, टाके घालून गोधडीसारखी चादर करतात, ती रिल्ली. आपल्या गोधडीची ती बहीणच म्हणायची. टाका पाहिला तर मुंगीच्या पावलाएवढा. पण कोल्हापुरात रिल्ली कोण मागणार? इथे रोजचे काम ब्लाऊजचे आणि साडीला फॉल-पिकोचे. म्हणून त्यांना वर्गात घ्यावे असे मी सुचविले, आणि तिथून वादाला तोंड फुटले.

दोन अडचणी आल्या. पहिली अक्षराची. त्यांची सिंधी उर्दूसारख्या लिपीत, आपली वही मराठीत. माप बरोबर घेतील, पण कोणाचे माप कोणते हे वाचणार कसे? त्यावर वर्गाच्या बाईंनी चांगली युक्ती केली. सगळी बाराखडी शिकवीत बसल्या नाहीत. उंची, छाती, कंबर, मुंढा, बाही, गळा, अस्तर असे वीस शब्द आणि आकडे तेवढे आधी शिकविले. तीन आठवड्यांत त्या मापाची वही वाचू लागल्या. बाकीचे मराठी मागाहून दुकानात, भाजीवाल्याकडे येत गेले.

दुसरी अडचण घरची. दुपारी वर्ग, आणि धाकटे मूल सांभाळायला कोणी नाही. सासू अंथरुणाला खिळलेली. आपल्यातल्या एका आजींनी मुलाला दोन तास आपल्या घरी खेळविले. शिवणयंत्र, कातरी, फी यांचा हिशेब आपण मांडतो, पण मूल कोण धरणार याचा मांडत नाही. बाईमाणसाचे शिकणे पुष्कळ वेळा तिथेच अडते.

तीन महिन्यांत त्या फॉल-पिको आणि साधा ब्लाऊज करू लागल्या. तेव्हा एका दुकानदाराने त्यांना घरी काम द्यायला सुरुवात केली, पण दर दिला चालू दराच्या निम्मा. "तुमच्याकडे कागद नाहीत, कोण देणार काम?" असे वर ऐकविले. इकडे आपल्याच वर्गातल्या दोघींचे त्या दुकानातले काम बंद झाले. मग काय, वर्गात कुजबुज, रुसवे, आणि शेवटी कार्यकारिणीत तक्रार, की आपल्याच लेकीबाळींना काम नाही आणि आपण बाहेरच्यांना शिकवून त्यांच्या पोटावर पाय आणतो.

मैत्रिणींनो, ही तक्रार मी हसण्यावारी नेत नाही. ज्या दोघींचे काम गेले त्यांच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे. पण नीट विचार करा. त्यांचे काम त्या सिंधी बाईंनी घेतले, की निम्म्या दराने घेतले? दर सारखा असता, तर दुकानदाराला यांना काढून त्यांना ठेवण्यात काय फायदा होता? इंग्लंडच्या कामगारांनी धरलेली अट मघाशी सांगितली ती यासाठी. परक्या माणसाला पुरा दाम देणे हा उपकार नव्हे, त्यात आपल्याही मजुरीची राखण आहे.

कागदांचेही समजून घेतले पाहिजे. आपल्या देशाने निर्वासितांविषयीच्या १९५१ सालच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. त्यामुळे सगळ्या निर्वासितांना एकच नियम लागू नाही, प्रत्येकाचा कागद वेगळा. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या तिथल्या अल्पसंख्य समाजाच्या लोकांना दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळतो. तो ज्यांच्याजवळ आहे त्यांना बँकेत खाते उघडणे, पॅन आणि आधार काढणे, वाहन परवाना घेणे, स्वतःचा धंदा करणे या सवलती सरकारने २०१६ साली ठरविल्या. त्या बाईंकडे तो व्हिसा होता, पण खाते नव्हते, कारण कोणी सांगितलेच नव्हते. आपल्यातल्या बँकेत नोकरी केलेल्या भगिनी दोनदा बरोबर गेल्या आणि खाते झाले. दुकानदाराचे "कागद नाहीत" हे बोलणे खोटे होते, एवढे त्यातून कळले. माणसाला आपला हक्क माहीत नसला की दुसऱ्याला दर पाडता येतो.

पुढे आपण दिवाळीच्या प्रदर्शनात त्यांच्या चार रिल्ल्या आणि आपल्या भगिनींच्या सहा गोधड्या एकाच टेबलावर मांडल्या. दहाही गेल्या, आणि आणखी मागणी आली. ती पुरी करायला त्यांना एकटीला जमेना. तेव्हा ज्या दोघींचे काम गेले होते, त्याच त्यांच्याकडे टाका शिकायला बसल्या. आज तिघी मिळून काम घेतात. वाटणी सारखी. दोघींचा राग पुरता गेला असे मी म्हणणार नाही, पण हिशेबाची वही तिघींची एक आहे.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी चार सूचना ठेवीत आहे. पहिली, शिवणवर्गात दरवर्षी दोन जागा देश सोडून आलेल्या स्त्रियांसाठी बिनफी ठेवाव्यात, आणि दोन जागा आपल्या भागातल्या गरजू स्त्रियांसाठी तशाच. म्हणजे कोणाच्या मनात किल्मिष राहणार नाही. दुसरी, वर्गाच्या वेळेत मुले सांभाळण्याची पाळी लावावी. तिसरी, मंडळामार्फत जे काम बाहेर जाईल त्याचा दरफलक भिंतीवर लावावा, आणि त्याखाली कोणाचेही काम कोणाकडूनही करून घेऊ नये. चौथी, येणाऱ्या प्रत्येक कुटुंबामागे आपल्यातल्या एकीने ओळखीची बाई म्हणून उभे राहावे. बँकेत, शाळेत, दवाखान्यात बरोबर जावे, पहिले गिऱ्हाईक आणावे, आणि विचारणाऱ्याला सांगावे की हिचे काम मी पाहिले आहे.

पीठ-डाळ बंद करा असे मी म्हणत नाही. पहिल्या महिन्यात ती लागतेच; उपाशी पोटी कोणी शिकत नाही. पण दुसऱ्या महिन्यात पिशवी घेऊन जाताना एक प्रश्नही बरोबर न्यावा: बाई, तुम्हाला काय येते?

माझे बोलणे लांबले, त्याबद्दल क्षमा असावी. सूचनांवर मत घेण्याची मी अध्यक्षबाईंना विनंती करते आणि आपली रजा घेते.